आवडत्या व्यंगचित्रकाराची शैली आपल्या चित्रांत उतरते का? ती नक्कल ठरते का?

उतरतेच. माझ्या चित्रांत मारिओ मिरांडा आहे, फक्त लोक त्याला जिथे शोधतात तिथे तो नाही.

मारिओ म्हटलं की लोकांना ते बटबटीत डोळे आठवतात. डोळे उचलायला सोपे, एका दुपारचं काम. मी घेतली ती त्याची गर्दी. कुलाब्याच्या कॅफे माँडेगरच्या भिंतींवर त्याची चित्रं आहेत, जमलं तर समोर बसून बघा. माणसाला खेटून माणूस, तरी कोणी कोणात मिसळत नाही. छायाप्रकाशाचा आधार जवळपास घेतच नाही तो. ठिपक्यांच्या झग्याशेजारी कोरा शर्ट, त्यामागे पट्ट्यापट्ट्यांचा, त्याहीमागे काळाकुट्ट कोट, असा त्याचा हिशोब असतो.

मी दादरचं फुलमार्केट काढतो तेव्हा पेन्सिलीनं आधी एवढंच ठरवतो: कोण कोरं, कोण काळं, कोण रेघांचं. झेंडूच्या ढिगाला दाट तिरप्या रेघा दिल्या की त्यापुढच्या हमालाची बंडी पांढरीच सोडायची, आणि मागच्या बाईच्या साडीला चौकडा. हे सगळं मारिओचं. रेघ मात्र माझी, ब्रशपेनची, जाड-बारीक होत जाणारी. त्याची बारीक आणि एकसारखी.

त्याच्या चित्रांतल्या बायका मी घेतल्या नाहीत. मिस फोन्सेका ही त्याची भरल्या अंगाची सेक्रेटरी, हे पात्र त्या काळच्या ऑफिसातल्या विनोदाचं. पहाटे चारला गजरे ओवणारी बाई त्या साच्यात बसवली तर खोटी दिसेल. (त्याची कुत्री मात्र मी बिनदिक्कत ढापतो.)

नक्कल होईल अशी भीती वाटत असेल, तर अगदी उलट्या वळणाचा दुसरा चित्रकारही सोबत ठेवा. माझ्यासाठी ते शि. द. फडणीस. ‘मोहिनी’ मासिकाचं त्यांचं ते प्रसिद्ध मुखपृष्ठ आठवा: तरुणाच्या कपड्यांवर मांजरं, तरुणीच्या कपड्यांवर उंदीर, शब्द एकही नाही. मारिओच्या कपड्यांवरची नक्षी माणसं सुटी करते, फडणीसांकडे नक्षी हाच विनोद. त्यामुळे आता साडीवर चौकडा काढताना हात जरा थांबतो. इथे चौकडाच हवा, की काही सांगणारं दुसरं काही? ते मला ठरवावं लागतं, तिथे दोघांपैकी कोणीच मदतीला येत नाही.