ला पाझमध्ये आधी रमून घे

बोलिव्हियातल्या हुआयना पोतोसी शिखराला (६,०८८ मीटर) निघण्याआधी ला पाझमध्ये निदान तीन-चार दिवस राहा. विमानतळच ला पाझच्या वरच्या अंगाला वसलेल्या एल आल्तो शहरात, ४,००० मीटरच्या वर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्यामुळे सह्याद्रीत कमावलेल्या दमावर इथे पहिल्या दिवशी विसंबू नकोस.

त्या दिवशी पाय कमी, केबल कार जास्त. २०१४ पासून चालणाऱ्या 'मी तेलेफेरिको'तून विटांच्या घरांनी भरलेली अख्खी दरी बसल्या जागी दिसते, आणि मागे इयिमानी पर्वताचं बर्फ. मला तर हेच या शहराचं खरं दर्शन वाटतं! दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केबल कारच्या लाल मार्गाने एल आल्तोला जा. गुरुवार किंवा रविवार साधलास तर तिथला अफाट बाजार मिळेल. झोपायला मात्र खाली ये; दिवसा उंचावर, रात्री खाली, हा सराव शहरातच होतो. डोकं ठणकत असेल तर वर जाणं रद्द कर आणि हिरव्या मार्गाने दक्षिणेकडच्या सखल वस्तीत उतर.

सान फ्रान्सिस्को चर्चजवळची सागारनागा गल्ली चढताना धाप लागेलच. थांबत थांबत चढ, दुकानं बघ. कोकाच्या पानांचा चहा पी, पण ती पानं घरी आणू नकोस, भारतात त्यांना बंदी आहे. दारू मात्र शिखरावरून खाली आल्यावरच.