जिंकत आलेला डाव कुणी मुद्दाम का सोडतो?

आपण राजारामपुरीतून विचारले आहे की, लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर आपल्या मुलाविरुद्ध खेळणाऱ्या एकाने पुढच्याच चालीत मुलावर मात करता येत असताना डाव सोडून दिला. असे कुणी का करेल, आणि मुलाला काय सांगावे? मी कोल्हापुरात शाळकरी मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात वारंवार येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

याचे मूळ मानांकनाच्या, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या (रेटिंगच्या) हिशोबात आहे. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारलेल्या इलो या मानांकन पद्धतीत दोन खेळाडूंमध्ये ४०० गुणांचा फरक असेल, तर वरच्या खेळाडूने शंभर डावांत नव्वदहून अधिक गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. लिचेसवरची ग्लिको-२ पद्धत वेगळी असली, तरी अपेक्षेचे तत्त्व तेच आहे. त्यामुळे बलवान खेळाडू दुबळ्याकडून हरला की त्याचे मानांकन झपाट्याने घसरते, आणि खाते नवे किंवा बराच काळ बंद असेल तर ही घसरण आणखी मोठी असते. म्हणजे १८०० च्या ताकदीच्या माणसाला १३०० वर उतरायला फारसा वेळ लागत नाही. त्यानंतर १३०० च्या आतल्यांसाठी असलेल्या स्पर्धेत तो शिरतो आणि ‘बर्सर्क’चे बटण दाबून, म्हणजे स्वतःचा वेळ निम्मा करून विजयामागे एक जादा गुण घेत, सगळ्यांना लोळवतो. आपल्या तालमींच्या गावात नुरा कुस्ती म्हटले की कुणाला समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच की येथे समोरच्याला आपण नुरा खेळतो आहोत याची कल्पनाच नसते.

पैशाचा मोह प्रत्यक्ष पटावरच्या स्पर्धांत अधिक दिसतो, कारण आपल्याकडे १६०० च्या आतील मानांकनाच्या खेळाडूंसाठी रोख बक्षिसांच्या स्पर्धा भरतात. लिचेसवरच्या रोजच्या स्पर्धांत मात्र रोख काही मिळत नाही, तरीही हा प्रकार चालतो. माझे मत असे की, यातल्या बहुतेकांना बरोबरीच्या खेळाडूशी झुंजण्याचा ताण नको असतो आणि सोपे विजय हवे असतात. काही जण मित्राचे मानांकन फुगवण्यासाठी हरतात. संगणकाची मदत घेऊन खेळणारे काही जण, सतत जिंकल्याने संशय येईल या भीतीने, मधूनच एखादा डाव टाकतात. हे सर्वांत वाईट, कारण एक लबाडी झाकायला दुसरी केली जाते.

मुद्दाम हरण्यामागे सद्भाव असल्याचेही उदाहरण आहे. २०२० मधील एका ऑनलाइन स्पर्धेत चीनचा ग्रँडमास्टर डिंग लिरेन याचे इंटरनेट तुटून त्याचा डाव गेला, तेव्हा पुढच्या डावात त्याचा प्रतिस्पर्धी, त्या वेळचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन याने सुरुवातीच्या काही चालींतच वजीर देऊन टाकला आणि डाव सोडला. पण ते सर्वांसमक्ष झाले होते, आणि कुणाची फसवणूक त्यात नव्हती.

आपल्या मुलाच्या बाबतीत मला काळजी वाटते ती फुकट मिळालेल्या गुणांची. त्या गुणांमुळे पुढचे प्रतिस्पर्धी त्याच्या आवाक्याबाहेरचे येतात, मुलगा ओळीने हरतो आणि आपला खेळ बिघडला असे समजू लागतो. उलट बाजूने, मानांकन पाडून आलेल्याकडून बारा-पंधरा चालींत मार खाल्लेले मूल अधिक खचते. वर्गातल्या एका मुलीचा असाच डाव आम्ही पुन्हा मांडून पाहिला. घोडे बाहेर, राजा कोटात, तिच्या पहिल्या दहा चालींत दोष काढायला जागा नव्हती. प्रतिस्पर्ध्याने उंटाचा बळी देऊन राजासमोरची प्यादी फोडली, ते तिच्या पातळीचे नव्हतेच. हे पटावर दाखवल्यावरच तिची समजूत पटली.

एका डावावरून मात्र कुणाला दोषी ठरवू नये. कुणाला फोन येतो, कुणाची चुकून कळ दाबली जाते, कुणी आधीच्या पराभवाच्या रागात उठून जातो. त्या खेळाडूच्या पानावरची डावांची यादी पाहावी: एका रात्रीत पाच-सहा चालींत सोडलेले डाव ओळीने दिसले आणि त्यानंतर मर्यादित मानांकनाच्या स्पर्धेत विजयांची रांग दिसली, तर शंका रास्त आहे. लिचेस आणि चेस डॉट कॉम या दोन्ही संकेतस्थळांवर असे हरणे नियमबाह्य आहे, म्हणून तेथील तक्रारीच्या सोयीतून कळवावे. मुलाला त्या माणसाशी चॅटवर वाद घालू देऊ नये. घरात आजोबांनी किंवा आपण त्याला जिंकू द्यायचे असेल, तर तो डाव मानांकनाशिवायचा ठेवावा; तशी सोय डाव सुरू करतानाच असते.