फायबर बॉडीची जुनी सॅन स्टॉर्म (दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार): बॉडी उतरवून तडे भरायचं काम सोलापुरात घरी जमेल का?

जमेल, पण मे महिन्यात नको. एकदा भर दुपारी कालवलेलं रेझिन (फायबरचे थर चिकटवणारा घट्ट द्रव) ब्रश बुडवेपर्यंत मगातच दगड झालं होतं. इथल्या उन्हात हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) एक टक्क्याच्या आसपास ठेवा, एका वेळी पाव किलोच कालवा, आणि काम सकाळी सातच्या आत. कोबाल्ट (रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून घालायचं द्रावण) आणि हार्डनर थेट एकत्र कधीच करू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये, हार्डनर शेवटी.

उतरवण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप बांधा, नाहीतर बॉडी पिळते आणि दारं परत बसत नाहीत. गंजलेल्या बोल्टना दोन दिवस तेल पाजा. जोर केलात तर फायबरमधला नटच फिरायला लागतो. वायरिंग, स्टिअरिंग, पेट्रोलचा पाइप सोडवून सहा-आठ जणांनी एकदम उचला. टेकवायला जुने टायर, वर चादर (आपल्याकडे तोटा नाही).

तडा वरून पुट्टीने भरला की पुन्हा उघडतो. मागून तड्याच्या कडा उतरत्या घासा, मग रेझिनमध्ये भिजवलेल्या मॅटचे (काचेच्या धाग्यांचं कापड) दोन-तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. रंग पॉलिश पेपरनेच काढा, केमिकल रिमूव्हर रेझिन खातो. आणि मास्क लावा हो, ती धूळ फार वाईट.