डांबर सोडून पायवाटेवर

प्रश्न : रस्त्यावर दहा किलोमीटर मी तासाभरात आरामात धावते. शहराच्या कडेला असलेल्या टेकड्यांमधल्या वाटेवर तेवढ्याच अंतराला दीड तास लागला. घड्याळात एकूण चढाई ३०० मीटर दिसत होती. माझी तयारी कमी पडतेय का?

उत्तर : तयारी ठीक आहे, माप चुकतंय. पायवाटेवर चढाई वेगळी धरावी लागते. ढोबळ हिशेब असा : दर १०० मीटर चढाईला सपाटीवरचा एक किलोमीटर. म्हणजे तुमचे दहा किलोमीटर तेराच्या तोडीचे झाले. किलोमीटरला सहा मिनिटं धरली तर ७८ मिनिटं होतात. उरलेली बारा मिनिटं दगड, मुळं आणि वळणांनी खाल्ली. ही रीत जुनीच आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नायस्मिथ यांनी १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी नियम मांडला, त्यात तीन मैलांना एक तास आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास धरला होता. तेव्हा ट्रेलवर, म्हणजे अशा पायवाटेवर, किलोमीटर नव्हे, मिनिटं ठरवून निघा. जोर एवढाच ठेवा की पूर्ण वाक्य बोलता यावं. चढावर धावण्याचा वेग चालण्याइतका उतरला की सरळ चालायला लागा. त्यात कमीपणा काही नाही, अनुभवी धावपटूही तेच करतात.

प्रश्न : चढ जमतो, पण उतारानंतर मांड्या दोन-तीन दिवस धरतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं.

उत्तर : दोन्हींचं मूळ एकच, तुम्ही उतारावर ब्रेक मारत उतरता. भीतीने अंग मागे झुकतं, पाय लांब पुढे पडतो, टाच आधी आपटते. अशा वेळी मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार रोखत असतो, आणि स्नायूला सर्वांत जास्त इजा अशाच कामात होते. पावलं छोटी आणि भराभर टाका. पाऊल शरीराच्या खाली पडू द्या, हात तोलासाठी थोडे बाजूला ठेवा, नजर पायांवर नको, तीन-चार मीटर पुढे. सुरुवातीला मंद उताराची पाच-सहा मिनिटं पुरेत. एकदा अशी थोडी मात्रा घेतली की पुढचे काही आठवडे त्याच उताराने स्नायू बरेच कमी दुखतात.

नखाचं कारण म्हणजे बुटात पुढे सरकणारं पाऊल. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी. मग नाडी अशी बांधा : सगळ्यात वरचं, बहुतेकांनी कधीच न वापरलेलं भोक घ्या. नाडीचं टोक त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फास ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. आता प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवा, खाली ओढून आवळा आणि गाठ मारा. टाच मागे घट्ट बसते, पुढची बोटं मोकळी राहतात. पायाच्या वरच्या भागाला मुंग्या आल्या तर मधल्या ओळी सैल करा, हा फास सैल करू नका.

प्रश्न : वेगळे ट्रेल बूट घ्यावेच लागतात का?

उत्तर : कोरड्या, दबलेल्या मातीच्या वाटेला रस्त्याचे बूट चालतात. खडी, ओला उतार, चिखल आला की नाही. तळाचे रबरी दात ३ ते ५ मिलिमीटर असले तर बहुतेक वाटांना पुरतात. घरापासून वाटेपर्यंत डांबरावरून जायचं असेल तर त्यातलेही आखूड घ्या, लांब दात डांबरावर लवकर झिजतात. ६ मिलिमीटरच्या पुढचे दात खास चिखलासाठी. ओल्या खडकावर त्यांचा टेकणारा भाग कमी पडतो आणि पाय सटकतो.

प्रश्न : नवीन शहरात आलोय. चांगली वाट शोधायची कशी?

उत्तर : नकाशावर आधी नदीकाठ, कालव्याकाठ, तलावाचा फेरा आणि बंद पडलेले रेल्वेमार्ग बघा. हे बहुधा सपाट असतात आणि चुकायची भीती कमी. मग टेकड्यांकडे वळा. नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) जिथे दाटीने जवळ येतात तिथे चढ तीव्र. पहिल्या खेपेला चालून या, प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा, कारण परतताना वाट वेगळीच दिसते. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरी सांगा. शिट्टी जवळ ठेवा : मिनिटाला सहा वेळा वाजवून मग एक मिनिट थांबणं ही डोंगरात मदत मागायची खूण आहे.

एक कळकळीची विनंती. वाटेत डबकं आलं तर कडेने वळसा घालू नका. प्रत्येकाच्या वळशाने वाट रुंद होते, कडेचं गवत मरतं आणि पुढच्या पावसात तिथली माती वाहून जाते. नागमोडी वळणं कापून सरळ उतरल्यानेही हेच होतं. वाट आणि तळ नीट दिसत असेल तर मधूनच, सावकाश जा. घरी आल्यावर बुटातला सुटा तळवा काढा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला आणि बूट सावलीत वाळवा. कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवले तर तळाचा गोंद सुटतो.