ग्रंथी थकते का? ‘अधिवृक्क थकवा’विषयी थोडं

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका वहिनींचा प्रश्न आहे. त्यांच्या सुनेला गेले काही महिने सकाळी उठवत नाही आणि दुपार झाली की ती गळून जाते. कुण्या तपासणी केंद्रानं तिच्या हातात एक हिंदी माहितीपत्रक दिलं. त्यात आजाराचं नाव होतं ‘एड्रिनल थकान’, आणि खाली छापलं होतं ‘अधिवृक्ष की थकान’. वहिनींना महिला मंडळाच्या अंकासाठी यावर टिपण लिहायचं आहे. त्या विचारतात: मराठीत ‘अधिवृक्क थकवा’ म्हणावं की ‘ग्रंथींचा शीण’? ताण म्हणावं की तणाव? आणि मध्येच हे झाड कुठून आलं?

वहिनी, झाडाचं आधी उरकू. ती छपाईची चूक. शब्द अधिवृक्क असा, दोन ‘क’ जोडून. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, ज्याला इकडे आपण सर्रास गुर्दा म्हणतो. चरकसंहितेत वृक्क आहेत, पण तिथे त्यांचं नातं मूत्राशी नाही, मेदाशी लावलंय. प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी बसलेली असते, म्हणून ती अधिवृक्क. अधि म्हणजे वर. इंग्रजी ‘अ‍ॅड्रिनल’ लॅटिनमधून आलं, त्याचा अर्थ ‘मूत्रपिंडाजवळचं’ एवढाच. आपला शब्द जास्त नेमका आहे.

गंमत अशी की झाड अगदीच खोटं नाही. या ग्रंथीच्या बाहेरच्या थराला लॅटिनमध्ये ‘कॉर्टेक्स’ म्हणतात, म्हणजे झाडाची साल. ताणाचं म्हणून जे संप्रेरक (ग्रंथीतून रक्तात उतरून शरीराला निरोप देणारं द्रव्य) सगळ्यांना तोंडपाठ झालंय ते ‘कॉर्टिसॉल’ याच सालीवरून. अ‍ॅड्रिनलिन मात्र आतल्या गाभ्यातलं. तुमच्या पत्रकवाल्याला हे ठाऊक असेल असं वाटत नाही.

‘संप्रेरक’ हाही सुरेख बेतलेला शब्द. १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरात आणला, तो ग्रीकमधल्या ‘चेतवणे, चालना देणे’ या अर्थाच्या धातूवरून. संप्रेरकातही तीच प्रेरणा आहे.

आता मुख्य गोष्ट, ‘थकवा’. गारवा, ओलावा, दुरावा यांच्या पंगतीतला हा शब्द. थकणे या क्रियापदाच्या मुळाशी प्राकृतातलं ‘थक्क’ आहे, आणि त्याचा अर्थ दमणं नव्हे, उभं राहणं, थांबणं. जैन पंडित हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात ‘स्था’ धातूला जे पर्याय दिले आहेत त्यात ‘थक्क’ आहे. बंगालीत अजूनही ‘थाका’ म्हणजे राहणं. ‘कोथाय थाको?’ म्हटलं की ‘कुठे राहतोस?’ बडोद्याकडे ‘थाक लाग्यो’ म्हणतात, तो आपलाच अर्थ. मराठीनं दोन्ही जपले. आपण थक्क होतो तेव्हा दमत नाही, जागच्या जागी थांबतो. भाडं थकतं, पगार थकतो, थकबाकी राहते: यायचं ते येईनासं होतं. आजोबा थकले म्हणजे त्यांचं हिंडणं-फिरणं थांबत आलं.

म्हणून ‘ग्रंथी थकली’ असं मराठीत म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटणार, कॉर्टिसॉलची थकबाकी झाली. पत्रकाचा दावाही नेमका तोच आहे: वर्षानुवर्षं ताण सोसून ग्रंथी दमते आणि संप्रेरक पुरेनासं होतं. हे नाव जुनं नाही. १९९८ साली जेम्स विल्सन या अमेरिकी कायरोप्रॅक्टरनं (मणके, सांधे हातानं दाबून उपचार करणाऱ्यानं) ते रूढ केलं. त्याआधी, १९३६ मध्ये, हान्स सेली या ताणाच्या अभ्यासकानं दीर्घ ताणाचे तीन टप्पे मांडायला सुरुवात केली होती. धोका, प्रतिकार आणि शेवटी झीज. त्या झिजेवरून ग्रंथीच रिकामी होते असा समज पसरला असावा, हा माझा तर्क.

पण तसं आढळत नाही. २०१६ साली दोन ब्राझिली डॉक्टरांनी अठ्ठावन्न अभ्यास एकत्र तपासले आणि अशी काही अवस्था असल्याचा आधार नाही असं लिहिलं. अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञही हे निदान मानत नाहीत. ग्रंथी आपल्या मर्जीनं चालतच नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा निरोप आला की ती स्रवते, आणि ताण असला तर निरोप वाढतात. शिवाय कॉर्टिसॉल दिवसभर सारखं नसतं. पहाटेपासून चढतं, उठताना भरात असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. संध्याकाळी घेतलेल्या नमुन्यात सकाळपेक्षा आकडा कमी आला म्हणून कुणी ‘थकान’ ठरवली असेल, तर ती त्या आकड्यानं सिद्ध होत नाही.

ग्रंथी खरोखर थांबते असा आजार आहे, पण तो वेगळा. थॉमस अ‍ॅडिसन या लंडनच्या डॉक्टरनं १८५५ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून तो अ‍ॅडिसनचा रोग. त्याच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांच्या ग्रंथी क्षयानं खाल्लेल्या होत्या. वजन उतरतं, कातडी काळवंडते, रक्तदाब पडतो, खारट खावंसं वाटतं. दुसरं एक कारण इकडे जास्त भेटतं. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणाऱ्या, गोळ्या महिनोन्‌महिने घ्यायच्या आणि बरं वाटलं की एकदम सोडायच्या. बाहेरून माल येत असल्यामुळे पीयूषिकेचे निरोप बंद पडलेले असतात, ग्रंथी आक्रसलेली असते. गोळी अचानक बंद झाली की जिवावर बेतू शकतं. याला थकवा म्हणणं म्हणजे वाड्याची भिंत कोसळल्यावर ‘भिंत जरा दमली’ म्हणण्यासारखं. ‘अधिवृक्क ग्रंथींचा अपुरेपणा’ असं लिहा.

शीण का नको? प्रवासाचा शीण असतो, लग्नघरातल्या धावपळीचा शीण असतो, तो दोन रात्रींच्या झोपेनं उतरतो. डोळे शिणतात, पाय आंबतात, कारण ते दमलेले आपल्याला कळतात. यकृत शिणलं, प्लीहा शिणली असं कुणी म्हणत नाही. पोटातल्या न जाणवणाऱ्या अवयवाला शीण चिकटवणं मराठी कानाला खटकतं, आणि ते खटकणं बरोबर आहे.

ताण की तणाव? छापताना ताण. तणाव ही हिंदीची सावली, सीमेवर किंवा दोन गटांत असतो तो मराठीनंही ठेवून घेतलाय. बोलताना आपण इंदूरच्या रामबागेतही ‘टेन्शन’च म्हणतो आणि ‘थकान येऊन राहिली’ही म्हणतो. त्याबद्दल पुण्याच्या पाहुण्यांनी हसावं, माझी तक्रार नाही.

तेव्हा टिपणात ‘अधिवृक्क थकवा’ लिहाच, पण अवतरणात, आणि ‘असं म्हटलं जातं’ जोडून. सुनेचा थकवा अवतरणात घालू नका, तो खरा आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, झोप, मन, यांतलं काय ते चांगल्या डॉक्टरकडून पाहून घ्या.

आणि एक. ‘तिला सकाळी उठवत नाही’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. हिंदीला ‘उठा नहीं जाता’ असे तीन शब्द लागतात. आपल्याकडे क्रियापदच वाकतं: चालवत नाही, जेववत नाही, बोलवत नाही. यात कुठल्याही ग्रंथीवर आरोप नाही, थकलेलं माणूस तेवढं दिसतं. टिपणाची पहिली ओळ तीच ठेवा.