पेठांमधली फेरी आणि खासगी गाइड

प्रश्न : जानेवारीत अमेरिकेहून भाऊ-वहिनी आणि दोन मुलं येणार आहेत. सोबत ७२ वर्षांची आई असेल. जुनं पुणं दाखवायला खासगी गाइड घ्यावा का? काय ठरवून घ्यावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर घ्या. शनिवारवाड्यात १८२८च्या आगीनंतर तट, दिल्ली दरवाजा आणि इतर दरवाजे, जोती आणि कारंजी एवढंच उरलं. सांगणारा नसेल तर मुलं दहा मिनिटांत कंटाळतील.

सकाळी लवकर निघा. दहानंतर लक्ष्मी रोडवर गाडी लावायला जागा शोधण्यातच वेळ जातो. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तांबट आळी, मग तुळशीबाग आणि विश्रामबागवाडा. आईंसाठी तांबट आळीनंतर रिक्षा करा. अंतर फार नाही, पण फुटपाथ धड नाहीत. सगळं एका दमात उरकायचं म्हटलं तर शेवटच्या दोन ठिकाणी कुणाचंच लक्ष नसतं. विश्रामबागवाड्याची लाकडी महिरप मात्र चुकवू नका.

ठरवताना तास, भाषा, माणसं आणि दर लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. दर माणशी की पूर्ण गटाचा? तिकिटं, रिक्षा, नाश्ता त्यात धरलाय का? वाद इथेच होतात. परदेशी पासपोर्ट असेल तर शनिवारवाड्याचं तिकीट महाग पडतं. गाइडचं ओळखपत्रही पाहा.

पारख सोपी आहे. दिल्ली दरवाजावर खिळे कशाला, असं विचारा. हत्तींच्या धडका अडवायला, हे कुणीही सांगेल. आजचा लाल महाल मूळ वास्तू नाही, हे न विचारता सांगेल तो जाणकार.