पत्रकार परिषदेत नकोसा प्रश्न आला, तर खेळाडू उत्तर नाकारू शकतो का?

नाकारू शकतो, एखाद्या प्रश्नाला बगल दिली म्हणून सहसा दंड होत नाही, मात्र परिषदेलाच दांडी मारणे महागात पडू शकते. २०२१ च्या फ्रेंच ओपनमध्ये टेनिसपटू नाओमी ओसाकाला त्यासाठीच १५,००० डॉलर दंड झाला होता. क्रिकेटमध्ये तर कित्येकदा बोलणेच अधिक जोखमीचे असते, कारण पंचांवर अनुचित जाहीर टीका केल्यास आयसीसीच्या आचारसंहितेनुसार कारवाई होते. आपल्या नागपूरचेच पाहा: जामठा मैदानावरची २०१५ मधील दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी तीन दिवसांत आटोपली आणि पुढे आयसीसीने ती खेळपट्टी निकृष्ट ठरवली, अशा वेळी माध्यम व्यवस्थापकाने ‘पुढचा प्रश्न’ म्हणून कर्णधाराची सुटका केली, तरी खेळपट्टीचा तोच प्रश्न शब्द बदलून परत येतो. अर्थात, ओसाकाला लागू झालेला नियम टेनिसच्या ग्रँड स्लॅम स्पर्धांचा आहे. तो सर्व खेळांना सरसकट लागू होत नाही.